सातवी प्रत

शेजारच्या घरात माझं जाणंयेणं जरा जास्तच आहे, हे मी कबूल करते. साखर मागायला जावं आणि तासाभराने साखर न घेताच परत यावं, असं माझं चालतं. तिथली पोर सव्वीस वर्षांची झाली तरी सगळे तिला पिटुकलीच म्हणतात. बशा बनवणाऱ्या कारखान्यासाठी ती कॉम्प्युटरवर काठाची नक्षी करून देते. एक फूल काढायचं, खाली थोड्या अंतरावर एक बारीक फुली ठेवायची आणि त्या फुलीभोवती फुलाला तीस-तीस अंशांनी फिरवत प्रती काढत जायचं, की बारा फुलांचं कडं तयार. मी मागे उभी राहून बघत असते; तिला ते चालतं.

त्या दुपारी फुलाच्या जागी तिने आपल्या आईला ठेवलं होतं.

पिटुकली दहा महिन्यांची असताना तिची आई वारली; मी शेजारी आले ती त्यानंतर. घर बदलताना फोटोंची पेटी हरवली आणि उरला तो एकच फोटो, खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईचा. विषय काढला की बाबा वर्तमानपत्र तोंडापुढे धरतात. आईचं नाक कसं होतं, हे सांगणारं या पोरीला कुणी नाही.

"सहज केलं हो काकू," ती म्हणाली. "पण नीट बघा. काय दिसतं?"

"बारा बायका गोल करून उभ्या, आणि एकही बोलत नाही. नवलच म्हणायचं."

ती हसली नाही, म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सगळ्यात वरची पाठमोरी होती. तिच्या शेजारचीचा कान दिसत होता, पुढचीचा गाल. मला यातलं फार कळत नाही, पण बशीवरचं फूल कितीही फिरवलं तरी त्याची दुसरी बाजू दिसत नाही, एवढं मलाही समजतं. सातवी, कड्याच्या अगदी तळाशी, पूर्ण आमच्याकडे तोंड करून होती. फक्त डोकं खाली आणि पाय वर.

पिटुकलीने बाकीच्या अकरा पुसल्या आणि उरलेलीला हळूहळू सरळ केलं. जसजशी ती सरळ होत गेली तसतसा चेहरा वळत गेला, आणि उभी राहिली तेव्हा पुन्हा पाठच. चार वेळा करून पाहिलं. कॉम्प्युटरचा पडदाच उचलून उलटा धरला, तरी तेच.

मग तिने आईला परत उलटं केलं, स्वतः कॉटवर उताणी झाली, मान कडेवरून खाली सोडली आणि तशीच पडद्याकडे बघत राहिली.

"माझ्यासारखीच आहे हो, काकू," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "हनुवटीवर खळीसुद्धा." आवाज इतका सुखाचा होता की मलाच भरून आलं. मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. तो दोनदा निवला, दोनदा गरम केला.

"रक्त उतरेल डोक्यात. ऊठ बाई आता."

"उठते. हिला विचारून घेते."

ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं तेव्हा कुठे ती उठली. हातांवर भार देऊन सावकाश सरळ बसली, पाय माझ्या बाजूला सोडले. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले, कप घ्यायला दोन्ही हात पुढे आले, आणि चेहऱ्याच्या जागी माझ्यासमोर तिची वेणी होती.