अप्पांच्या गोळ्या

"आई, मला न्हाय करायची शू," शामला किंचाळली. गंगम्मानं तिला तसंच भांड्यावर धरलं. चार थेंब आले, तेही गढूळ. पाच वर्षांची पोर ओठ चावून थरथरत होती.

तिचे आजोबा महांतप्पा खाटेशी उभे होते. तुळजापुरात एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर. अर्धी गल्ली आधी त्यांनाच विचारायची. आज त्यांचीच नात जिल्ह्याच्या दवाखान्यात पडली होती. लघवीतल्या जंतूंवर सल्फाच्या गोळ्या सुरू होऊन दोन दिवस झाले, तरी ताप एकशे चारखाली यायला तयार नव्हता.

"हिला पूर्वी सल्फा दिलीय?" भरती करताना राघवेंद्र डॉक्टरांनी विचारलं होतं.

"न्हाय," महांतप्पाच घाईनं बोलले होते. डॉक्टरांना न विचारता औषध दिल्याचं कळलं तर नोकरी जायची.

दिली होती, वर्षात चारदा. जळजळ थांबली की दोन दिवसांत बंद, उरलेल्या गोळ्या पुढच्या खेपेला. लेकराला जादा औषध नको, हा त्यांचा शहाणपणा.

दुपारी शामला आईलाही ओळखेना. मग मात्र महांतप्पांचा धीर सुटला. ते डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, मी खोटं बोललो. चार येळा दिली. दोन-दोन दिस."

डॉक्टरांनी शामलाचा कागद पुढं ओढला. "अर्धवट मार खाऊन उरलेले जंतू निबर होतात हो. आता ते सल्फाला भीक घालत नाहीत. दोन दिवस फुकट गेले. मूत्रपिंडाचं काय झालंय, आत्ता सांगता येणार नाही."

त्यांनी दुसरी कॅप्सूल लिहिली. फोडून मधातून द्यायची. मागं गंगम्मा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळून पोरीच्या खाटेकडे गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं महांतप्पांना वाटलं.

दोन रात्री त्यांनी डोळ्याला डोळा लावला नाही. पोरीचा श्वास जरा लांबला की त्यांचा हात तिच्या छातीवर जाई.

तिसऱ्या सकाळी तिला दरदरून घाम फुटला. तिनं भाकरी मागितली, भांड्यावर बसली आणि रडली नाही.

"अप्पा, आता गोळ्या..." गंगम्मा सवयीनं बोलून गेली आणि थांबली. कॅप्सूलची पुडी घेऊन ती उठली, वॉर्डाच्या टोकाला बसलेल्या नर्सकडे गेली.

"बाई, किती दिस द्यायच्या या?"

महांतप्पा नातीच्या पायांवरची चादर नीट करत राहिले.