बंद दाराबाहेरचे स्टूल

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असते तर आधी हसलाच असता. मी एक जुने लाकडी स्टूल आहे. चार पाय, वर चौकोनी फळी, आणि चार पायांतला एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा अंमळ आखूड. सुताराने मला पहिल्यांदा फरशीवर ठेवले तेव्हा मी डुगडुगले. तो म्हणाला, "वजन पडलं की बसेल बरोबर." त्यानंतर माझ्यावर पुष्कळ वजने पडली, पण मी काही बरोबर बसले नाही.

ज्या घरात मी आले त्या घरातले बाबा मला चिडवायचे. "हे स्टूल भित्रं आहे. नुसता हात लावला तरी थरथरतं." ते गमतीने म्हणत, पण खोटे नव्हते. मी स्वभावानेच भित्रे आहे. कुणी माझ्यावर चढून माळ्यावरचा डबा काढू लागले की डबा पडेल याची धास्ती आधी मला. तशी माझी घरात वट होती हं! घरातली छोटी सकाळी माझ्यावर उभी राहून दात घासायची, कारण बेसिनपर्यंत तिचा हात पोहोचत नसे. आई माझ्यावर बसून भाजी निवडायची आणि निवडता निवडता फोनवर बोलायची. बाबा दुधाची गाडी चालवत. उजाडायच्या आत निघताना ते माझ्यावर बसूनच बुटांच्या नाड्या बांधत. पाहुणे वाढले की जेवायच्या टेबलाला माझीच मदत लागायची. बाबांची बहीण, म्हणजे छोटीची आत्या, आली की मात्र मी जीव मुठीत धरून असे. आत्या अंगाने भरलेली. ती धपकन बसायची आणि वर म्हणायची, "वहिनी, हे मोडलं तर माझ्या नावावर नको हं! ते आधीपासूनच लंगडं आहे."

अशीच ती दोन दिवसांसाठी म्हणून आली होती आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर सांगितले की साथीमुळे उद्यापासून सगळे बंद. आत्याची बॅग दारातच राहिली. "घ्या! आता मला हाकलून दाखवा," ती म्हणाली. सगळे हसले. तोपर्यंत कुणालाच काही कळले नव्हते.

मग घराची सगळी घडीच बदलली. बाहेरून आलेली भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून वर्तमानपत्रावर पसरायची. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या. चपला दाराबाहेर. छोटीची शाळा मोबाइलवर आली आणि मोबाइल माझ्यावर आला, मागे टेकायला जाडजूड पुस्तके लावून. आत्या व्हिडिओ कॉल करायला शिकली, पण पलीकडच्यांना कायम तिचे कपाळच दिसायचे. हात धुऊन धुऊन आईच्या बोटांची सालपटे निघाली. आणि दिवसातून केव्हाही रुग्णवाहिका ओरडत गेली की घरातले सगळे जिथल्या तिथे थांबत. आवाज दूर गेला की पुन्हा कामाला लागत.

बाबांना घरी बसायची सोय नव्हती. दूध तर रोज लागतेच. ते परत आले की दारातच उभे राहत, आई गरम पाण्याची बादली ठेवी, आणि आंघोळ होईपर्यंत कुणी जवळ जायचे नाही असा दंडक होता. एकदा छोटी सवयीने "बाबा!" करत धावली. आई किंचाळली, "थांब!" छोटी मध्येच थबकली. बाबाही थबकले. आपल्याच बापाजवळ जायची पोरीला भीती घालावी लागते, असे दिवस होते ते.

समोरच्या इमारतीत एक शिंपी राहत, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एके दुपारी रुग्णवाहिका आली आणि पांढऱ्या पोशाखातली माणसे त्यांना इस्पितळात घेऊन गेली. मास्तर स्वतःच्या पायांनी चालत गेले, हातात छोटी पिशवी होती, गाडीत चढताना त्यांनी वर बघून हातही केला. ते परत आले नाहीत. घरच्यांना तोंडही बघायला मिळाले नाही म्हणे. त्या दुपारी बाबा माझ्यावर बसून खिडकीतून हे बघत होते. ते हळूच म्हणाले, "मला नाही जायचं हं तिकडे. काही झालं तरी."

"तुम्हाला कशाला जावं लागतंय?" आई म्हणाली, आणि तिने खिडकी लावून घेतली.

थोड्याच दिवसांत बाबांना ताप आला. आधी ते म्हणाले, उन्हाने. मग चाचणी झाली आणि बाबा आतल्या खोलीत गेले. त्या खोलीला लागून न्हाणीघर होते, म्हणून तीच खोली. दार बंद झाले आणि दाराबाहेर मला ठेवले.

माझे काम सोपे होते. आई किंवा आत्या माझ्यावर ताट ठेवी, बोटांनी माझ्या फळीवर दोनदा वाजवी आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरके. मग बाबा तोंडावर मास्क लावून दार उघडत, ताट आत घेत आणि दार लावत. जेवण झाले की ताट धुऊन माझ्यावर ठेवत. त्यानंतर माझ्यावर औषधाचे पाणी फवारले जाई. त्याने माझे पॉलिश उडाले, फळी पांढुरकी पडली. पण आत्या म्हणाली, "बरं झालं हे स्टूल टाकून नाही दिलं. केवढं उपयोगाला आलं!" मित्रांनो, इतक्या वर्षांत माझे असे कौतुक कुणी केले नव्हते. मला ते गोड लागायला हवे होते.

पण मला आतले ऐकू येत होते ना. माझी फळी दारापासून वीतभरच. बाबा ताट घेऊन आत जायचे आणि चमच्याचा आवाज यायचाच नाही. यायचा तो प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज. मग पिशवीला गाठ मारल्याचा. मग नळ. मग ताट धुऊन स्वच्छ बाहेर. आणि या सगळ्याच्या मध्ये बाबांचा श्वास. गाडी चढणीला लागल्यावर इंजिन कसे धापा टाकते, तसा. पलंगापासून दारापर्यंत येतानाही ते मध्ये थांबत.

बाहेर आई ते ताट बघून म्हणायची, "आजही सगळं संपवलं! देवा, पावलास रे." डॉक्टरांचा फोन रोज यायचा. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "जेवण जातंय तोवर घरी ठेवायला हरकत नाही. जेवण सुटलं किंवा धाप लागली, तर मात्र अजिबात थांबू नका, लगेच हलवा." म्हणून आई रोज फोनवर सांगे, "हो डॉक्टर, छान जेवतायत. ताट स्वच्छ येतंय." आणि दाराआडून बाबांना विचारले की बाबा सांगत, "मस्त आहे मी. काळजी करू नका." तेवढे शब्द बोलायला ते आधी किती वेळ श्वास गोळा करत, ते मला माहीत होते. त्यांना त्या गाडीची भीती वाटत होती. मास्तर गेले त्या गाडीची.

मला सगळे कळत होते आणि मला तोंड नव्हते. मी एवढे घाबरले होते की काय सांगू! आई ताट ठेवायला वाकली की वाटायचे, आता तरी हिला कळावे. दाराला कान लाव गं बाई, एकदा कान लाव. पण ती दोनदा वाजवून मागे सरकायची, कारण नियमच तसा होता आणि तिने तो जिवापाड पाळला होता. मी थरथरले तरी कुणी दखल घेत नव्हते. मी तर कायमच थरथरायचे.

एके दिवशी भाजीवाल्याकडे वांग्यांशिवाय काही नव्हते. आईने बाकीच्यांसाठी वांग्याची भाजी केली आणि बाबांसाठी मऊ भात वेगळा ठेवला, कारण बाबा वांग्याला शिवत नसत. नेमके तेव्हाच छोटीच्या मोबाइलवरच्या वर्गात काहीतरी अडले आणि आई तिकडे गेली. ताट वाढले आत्याने. तिने सवयीने सगळ्यांचे तेच ताट वाढले, माझ्यावर ठेवले, दोनदा वाजवले आणि मागे सरकली.

आत पुन्हा तीच पिशवी चुरचुरली. थोड्या वेळाने ताट बाहेर आले, लख्ख.

आत्या ते पुन्हा घासायला घेऊन गेली. आई मागून आली आणि झाकलेला भात बघून म्हणाली, "अगंबाई, हे इथेच? मग त्यांना काय वाढलंत?"

"आई गं! वांगं गेलं बघ वहिनी माझ्या हातून," आत्या म्हणाली आणि लगेच हसायला लागली. "पण फस्त केलंय हं दादानं! माझ्या हातालाच चव आहे म्हटलं. नाहीतर लहानपणी काय नाटकं असायची याची! वांगं केलं की हा चुपचाप ताट घेऊन खिडकीत जायचा, भाजी मागच्या बाजूला टाकून द्यायचा, आणि मग आईला रिकामं ताट दाखवून म्हणायचा, बघ, सगळं संपव..."

वाक्य तिथेच राहिले. नळ चालू होता. आत्याच्या हातात ताट तसेच होते. तिने वहिनीकडे बघितले आणि वहिनीने तिच्याकडे. मी त्या घरात पुष्कळ भीती बघितली होती, पण त्या दोघींच्या चेहऱ्यावर तेव्हा जी होती तशी नाही.

"वहिनी," आत्या कशीबशी म्हणाली, "तो जेवत नाहीये गं."

आई धावली. तिने धावतानाच मास्क चढवला. तिने मला बाजूला लोटले, मी आडवे पडले, आणि तिने दार उघडले. पलंगाखाली गाठी मारलेल्या पिशव्या होत्या. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वरखाली होत होते आणि ओठांचा रंग बरा नव्हता.

"अहो! हे काय केलंत तुम्ही?"

"गाडी... नको बोलावू," बाबा एवढेच म्हणाले.

"बोलावणार!" आई रडत ओरडली. "तुम्ही माझ्यावर जन्मभर रागवा. रागवायला घरी या, म्हणजे झालं."

गाडी आली. छोटीला आत्याने पोटाशी धरले होते. बाबा गेले आणि मी तिथेच आडवे पडून राहिले. मला उभे करायचे भान कुणाला नव्हते. पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. फोन वाजला की तिघीही तो उचलायला घाबरत. एकदा आत्या म्हणाली, "मी वांगं वाढलं नसतं तर?" आई तिच्याजवळ बसली.

बाबा आले, मित्रांनो. अर्धे होऊन आले, पण आले. डॉक्टरांनी सांगितले की आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिले नसते. त्यांना त्याच खोलीत झोपवले, पण आता दार सताड उघडे होते आणि मी पलंगाला लागून होते. आईने माझ्यावर ताट ठेवले आणि समोरच बसली. बाबांनी दोन घास घेतले. तिसरा हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे बघितले, मग आईकडे.

"जात नाही गं," बाबा म्हणाले. "घास नुसता तोंडात फिरतोय. आणि भीती वाटते मला, अजूनही."

आईने ते भरलेले ताट उचलून मांडीवर घेतले आणि ती हुंदके देऊन रडली. "बरं झालं सांगितलंत," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "बरं झालं सांगितलंत."

मित्रांनो, मी एक साधे लाकडी स्टूल. मला वाचा नव्हती म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला आहे. तुमच्या घरात कुणी बंद दाराआडून "मस्त आहे मी" असे म्हणाले, तर रिकाम्या ताटावर विसंबून मागे सरकू नका. नियम पाळा, तोंडावर मास्क लावा, पण दार उघडा आणि त्या माणसाचा चेहरा बघा. आणि त्या दाराच्या आत कधी तुम्हीच असाल, तर बाहेर उभ्या असलेल्या आपल्या माणसाला सांगा की मला भीती वाटते. एवढे तरी नक्की सांगा.