फुटपट्टीने नोकरी नाकारली तेव्हा

एमबीएची दोन वर्षं आम्ही एका खोलीत काढली. माझ्या रूममेटचे वडील शिंपी, त्यामुळे मापं घ्यायची सवय तिच्या हाताला लहानपणीच लागलेली. खोलीत कपाट आणायचं ठरलं, तेव्हा मी रंगावर वाद घालत बसले आणि हिने दार, भिंत, जिन्याचं वळणसुद्धा मोजून टाकलं. वर्गात सगळे तिला फुटपट्टी म्हणत. तीही खुशाल ओ द्यायची.

शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी आम्ही दोघी एका मोठ्या रुग्णालयात गेलो. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी कशी कमी करायची, हा आमचा विषय. तिसऱ्या दिवशी फुटपट्टीच्या लक्षात आलं, की रांगेतले कितीतरी जण डॉक्टरांची नव्हे, व्हीलचेअरची वाट बघत बसलेत.

"खुर्च्या अपुऱ्या," मी वहीत लिहून मोकळी झाले. तिने मात्र वॉर्डातल्या मावशींना गाठलं.

मावशी हसल्या. "अपुऱ्या कुठल्या, बाई? चल, दाखवते."

भांडाराच्या मागच्या खोलीत अडतीस खुर्च्या एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. एखादीचं पुढचं छोटं चाक निखळलेलं, एखादीचा ब्रेक लागत नव्हता, एखादीची पाय ठेवायची पट्टी गायब. तेवढ्यावरून खुर्ची आत ढकलायची आणि नवी मागवायची, हा तिथला शिरस्ता. फुटपट्टीने ओढणी कमरेला खोचली आणि फरशीवर फतकल मारून चाकं मोजायला घेतली. दोन तासांनी काळे झालेले हात पुसत ती म्हणाली, "तीन तऱ्हेचे सुटे भाग मिळाले, तर यातल्या तीस तरी चालू होतील."

कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या मिस्त्रींना आम्ही गळ घातली. आठ दिवसांत सव्वीस खुर्च्या वॉर्डात परत गेल्या. त्या तिसांपैकी उरलेल्या चार खुर्च्यांनी मिस्त्रींना दाद दिली नाही, तेव्हा फुटपट्टीला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नोकरीच्या मुलाखती झाल्या. एका नावाजलेल्या कन्सल्टिंग कंपनीने आम्हा दोघींना निवडलं. होकार शुक्रवारी पाचच्या आत कळवायचा होता. मी तो तासाभरात कळवला, कारण दहावीपासून मला हेच करायचं होतं. फुटपट्टी मात्र त्या खुर्च्या दुरुस्त करण्याचाच धंदा करायचं म्हणत होती. मी तिला वेड्यात काढलं. कागदावर दोन रकाने आखून नोकरीचे फायदे आणि धंद्यातले धोके लिहून दाखवले. तिने कागद नीट वाचला. "सगळं खरं आहे," म्हणाली आणि घडी करून परत दिला.

बुधवारी तिने घरी फोन लावला. तिच्या आईचा आवाज मला माझ्या पलंगापर्यंत ऐकू येत होता. "एवढं शिकलीस ते खुर्च्या ठोकायला? लोकांना काय सांगू मी?" मग फोन वडिलांकडे गेला, तेव्हा तिने तो स्पीकरवर टाकला. ते नेहमीच मोजकं बोलत.

"तुझं गिऱ्हाईक कोण गं? खुर्चीत बसणारा, की खुर्ची विकत घेणारा?"

"बाबा, तेच अजून कळत नाहीये."

"शाळेच्या गणवेशाचं माप पोराचं घेतो मी, पण पसंत आईला पडावा लागतो. दोघांचंही बघावं लागतं. ते कळेपर्यंत दमाने घे."

शुक्रवारी सकाळी ती कंपनीच्या कार्यालयात स्वतः गेली. नकार ईमेलवर पाठवणं तिला बरं वाटेना. मीही सोबत गेले. खरं सांगायचं तर ती ऐनवेळी विरघळेल, अशी मला आशा होती.

आमची मुलाखत घेतलेल्या वरिष्ठ बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं आमच्याकडे शीक. मग कर की धंदा. कोण अडवतंय?"

"मॅडम, तुमच्याकडे खूप शिकायला मिळेल. पण रुग्णालयाच्या उतारावर पुढचं चाक किती दिवस टिकतं, ते तुमच्याकडे कुणाला माहीत आहे का?"

बाईंनी मान हलवली. "नाही."

"मला आधी तेवढंच शिकायचंय."

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्या उठून उभ्या राहिल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अडलीस तर ये. नोकरी मागायला नव्हे, सल्ला घ्यायला." मग माझ्याकडे वळून, "तू सोमवारी वेळेवर ये हं."

फुटपट्टीचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. ज्या रुग्णालयात सुरुवात झाली, तिथल्या भांडारप्रमुखांनी चार महिन्यांत काम काढून घेतलं. नव्या खरेदीच्या सह्या करणं त्यांना सोपं पडायचं. ती दोन दिवस लहान मुलासारखी हमसून हमसून रडली, मी जवळ होते. तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या रुग्णालयात गेली, पण या वेळी भांडारात नाही, थेट वॉर्डात. प्रत्येक खुर्चीला क्रमांक आणि आपला फोन नंबर लावला आणि मावशींना शब्द दिला, "आज फोन करा, उद्या दुपारच्या आत खुर्ची चालू." तो शब्द तिने आणि मिस्त्रींनी कधी मोडला नाही. वर्षअखेरीस तिथे नव्या खुर्च्यांची मागणी निघाली, तेव्हा मावशीच अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "आम्हाला नव्या नकोत, ही बाई हवी." गिऱ्हाईक कोण, याचं उत्तर तिला तिसरंच मिळालं होतं: खुर्ची ढकलणारा.

आज अकरा रुग्णालयांचं काम तिच्याकडे आहे. मी माझ्या नोकरीत रमले आहे, मला पश्चात्ताप नाही. परवा सुट्टी काढून तिच्या दुरुस्तीच्या कारखान्यात गेले, तर ती व्हीलचेअरमध्ये बसलेल्या एका ठेंगण्या आजींसमोर जमिनीवर बसली होती. आजींचे पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीला टेकत नव्हते. तिने पट्टी वर घेतली, पुन्हा बघितलं, आणखी बोटभर वर घेतली.

"आता?"

आजींनी पाय टेकवले, जरा दाबून पाहिले. "आता बरं वाटतंय गं," त्या म्हणाल्या आणि स्वतःच चाकं फिरवत दारापर्यंत जाऊन आल्या.