मच्छिंद्राचा टाक

आमच्या भोकरदनकडच्या धनगरवाड्यात होळीच्या दुसऱ्या दिवशी वीर नाचवतात. घराण्यातला जो कुणी लढाईत पडला असेल, त्याचा चांदीचा टाक, म्हणजे वीराची प्रतिमा उठवलेला छोटा पत्रा, एरवी देव्हाऱ्यात असतो. त्या दिवशी तो ताटात घेऊन हलगीच्या तालावर नदीवर न्यायचा, आंघोळ घालायची, वाजतगाजत परत आणायचा. अट एकच. हातात हत्यार असताना मेलेला पाहिजे. दुखण्यानं मेलेले नुसतेच मेलेले.

आसराबाईचा एकुलता एक मच्छिंद्र निजामाच्या पलटणीतून मलायाच्या लढाईवर गेला आणि जपान्यांच्या कैदेत मेला. त्याच्याबरोबर भरती झालेला शेजारचा राधाकिसन तेवढा परत आला, हाडांचा सापळा होऊन. चार वर्षं नरकात काढून आलेल्या माणसाला पाणी विचारायचं सोडून गावानं त्याला नाव ठेवलं, हातवऱ्या. हात वर करून जीव वाचवला म्हणून. मला माझ्याच गावाचा आजही राग येतो.

आसराबाईनं मात्र पहिल्याच दिवशी त्याला बोलावून भाकर वाढली आणि विचारलं, माझ्या लेकराजवळ शेवटी कोण होतं? त्यानं खरं सांगितलं. साहेबानं बंदुका खाली ठेवायचा हुकूम दिला, सगळ्यांनी ठेवल्या. मग जपान्यांनी जंगलात रस्त्याच्या कामाला जुंपलं. तिथं मच्छिंद्र हगवणीनं गेला. डोकं ह्या मांडीवर होतं, म्हणाला. ती बाई किती तरी वेळ त्या मांडीकडे बघत राहिली.

होळी जवळ आली तशी तिनं दंडातली चांदीची वाकी आटवून सोनाराकडून टाक घडवून घेतला. टाकावरचा वीर घोड्यावर बसलेला. मच्छिंद्र जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता, पण टाक तसाच असतो. तो ताटात घ्यायला भावकीचे कारभारी काकासाहेब यांची परवानगी लागे. काकासाहेबांची उभ्या जन्मातली एकच लढाई लांडग्याशी झाली होती आणि ती लांडगा जिंकला होता. तरी वीर कोण, हे तेच ठरवत. बंदूक टाकून धरला गेलेल्याचा वीर होत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

तेव्हा राधाकिसन बिरोबाच्या देवळात भावकीपुढं उभा राहिला.

"बंदूक म्या टाकली," तो म्हणाला. "मच्छिंद्रानं न्हाई टाकली. तो लढता लढता गेला."

काकासाहेबांनी भंडारा उचलायला सांगितला. देवापुढची ती हळद हातात घेऊन आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. राधाकिसननं उचलला. आसराबाई तिथंच होती. खरं काय ते तिला ठाऊक होतं, पण लेकाचा वीर होतोय म्हटल्यावर आईची जीभ रेटेना.

झालं. मच्छिंद्राचा उदोउदो सुरू झाला आणि राधाकिसन सोबत्याला मरायला सोडून आलेला ठरला. त्याच्या हाती कुणी मेंढरं देईना. पाणवठ्यावर बायका घागर बाजूला घेऊ लागल्या.

वीरांच्या दिवशी आसराबाई ताट डोक्यावर घेऊन निघाली. मिरवणूक राधाकिसनच्या खोपटावरून गेली, तेव्हा कुणीतरी त्याच्या दारावर शेणाचा गोळा मारला आणि सगळे हसले. आसराबाई थांबली. ती थांबली तशी हलगीही थांबली.

"ह्यानं भंडारा खोटा उचलला," ती म्हणाली. "दोघांनीबी एकाच हुकमानं बंदुका ठेवल्या. माझा हगवणीनं गेला, ह्याच्या मांडीवर. माझा वीर असंल तर ह्योबी वीर. ह्यो भ्याड असंल तर माझाबी भ्याड. आन् तुमच्यातलं कोण गेल्तं तिथं?"

काकासाहेबांनी तिच्या ताटातला टाक उचलला, तिच्या हातावर ठेवला आणि हलगीवाल्याला पुढं व्हायची खूण केली. बाकीचे वीर नाचत नदीकडे गेले.

ती खोपटात शिरली. मेलेल्याचं मेलेल्यापाशी, जित्याला तरी सोडवलं, एवढं समाधान तिच्या तोंडावर होतं. राधाकिसन गुडघ्यात डोकं घालून रडत होता.

"मावशी, हे काय केलं तुमी," तो म्हणाला. "भंडारा म्या माझ्या मनानं न्हाई उचलला. मरताना त्यानंच वचन घेतल्तं. गावात सांग, लढता लढता गेला. न्हाईतर मला नाचवणार न्हाईत, म्हणला."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं, जवळ कोण होतं. तुमच्याशी खोटं कसं बोलू?"

आसराबाई त्याच्यापुढं खाली बसली. नदीवरून हलगी ऐकू येत होती. लेक उपाशी गेला असेल, आई आई करत गेला असेल, हे सगळं तिनं सोसलं होतं. आता हे.

"म्हंजी तिथंबी त्याला गावाचीच धास्ती," ती म्हणाली. "माझं लेकरू लाजत गेलं रं."

बराच वेळ तिनं टाक मुठीत धरून ठेवला. मग पदरानं पुसला आणि राधाकिसनच्या त्याच मांडीवर ठेवला.

"जरा हलू नको," ती म्हणाली.