हापशाची कावीळ

रविवारी दिवस उगवायच्या आत मारुतीच्या पारापुढे अख्खं गाव लोटलं होतं. पारावर महारुद्र महाराज बसले होते आणि पिवळ्या डोळ्यांच्या माणसांना एकेक करून माळ घालत होते. माळ कसली, तर ओल्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोऱ्यात बांधलेले. डोक्यातून जेमतेम खाली उतरेल एवढीच.

"माळ कावीळ खाती आन वाढती!" महाराज गरजले. "बेंबीवर आली की रोग खलास! पर मधी डाक्टरची एक गोळी घेतली तर माळ कोपती, मग माझ्याकडं येऊ नगा!"

आणि माळ वाढायची, हे खरंच होतं. आधी माळ घातलेला एक गडी ती बेंबीपर्यंत लोंबती मिरवत होता आणि बाया त्याच्या पाया पडत होत्या. ते बघून मला शिसारी आली.

मी तिथून हाकेच्या अंतरावर, राणीसावरगावच्या रस्त्याला असलेल्या दवाखान्यातला डॉक्टर. आम्ही दोघं आहोत, मी आणि डॉक्टर धम्मशीला. दोघांचं शिक्षण सारखंच. मी झरीच्या बागायतदाराचा मुलगा, ती ऊसतोड्यांची मुलगी. दारावरच्या पाटीवर आमच्या पदव्या लिहिल्यात, पण गाव आडनावापाशीच थांबतं. त्यामुळे माझ्याकडे रांग आणि तिच्या खोलीत नुसता पंखा. ती कुठली, कुणाची, आईबाप काय करायचे, सगळं गावाने खोदून खोदून विचारलं होतं. महाराज कुठले, काय शिकले, हे मात्र एकानेही विचारलं नव्हतं. ही कसली अक्कल म्हणायची?

आदल्याच दिवशी गोजरबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली होती. राजेश्रीला आठवा महिना, डोळे हळदीसारखे पिवळे. मी दुसऱ्या रुग्णात अडकलो होतो म्हणून धम्मशीलाने तपासलं.

"मावशी, पोटुशीला कावीळ म्हणजे जिवाशी खेळ. आजच्या आज परभणीला न्या."

गोजरबाईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "आबासाहेब, तुमी सांगा."

मी तेच सांगितलं. "बघू की," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सुनेला पारावर नेऊन माळ घातली.

ते कळल्यावर धम्मशीला तडक पारावर गेली. "महाराज, मलापण एक माळ द्या."

महाराजांना स्वर्ग दोन बोटं उरला. "बघा! आता डाक्टरीणबाईबी शरण आल्या!"

धम्मशीलाने माळ घेतली आणि चौकातल्या हापशाच्या दांड्याला अडकवली. लोक हसले.

दोन दिवसांत हापशाची माळ हातभर लांबली.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. कुठलं काय! महाराज समोर आले, हापशाला हात जोडले आणि म्हणाले, "पाण्यातच कावीळ हाय! माळ ती वडून घ्यायलीय!" तासाभरात हापशाला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटले. एक शहाणा दांड्याला कपाळ टेकून गेला. माणसं इतकी वाया जाऊ शकतात, हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर मी मानलं नसतं.

तिकडे राजेश्री असंबद्ध बडबडायला लागली होती. सासूलाही ओळखेना. धम्मशीला घरी गेली तर गोजरबाई दार अडवून म्हणाली, "माळ छातीवर आलीया. बरी व्हायलीय ती."

धम्मशीलाने गोजरबाईच्या मनगटाला धरलं आणि तिला चौकात आणलं. येताना कुंपणाची ओली काडी तोडली. हापशाजवळ बसून तिने सगळ्यांसमोर तुकडे केले, एकेका तुकड्याला दोऱ्याचा वेढा दिला आणि हुबेहूब तशीच माळ बांधून तिथेच बसलेल्या महाराजांपुढे धरली.

"महाराज, तुमच्या गळ्यात घाला. वाढली तर तुमाला कावीळ हाय म्हणायचं, न्हाई वाढली तर मी दवाखाना बंद करते."

महाराज मागे सरकले. "मंतरल्याबिगर माळ मी घालत नसतो."

"मग मंतरा. तुमीच मंतरा आन घाला."

महाराजांनी माळेला हात लावला नाही. धम्मशीलाने हापशावरची माळ काढून गोजरबाईच्या हातात दिली. "मावशी, काडी बघा. ओली होती तवा जाड होती, वेढा घट्ट होता. वाळून बारीक झाली, वेढा ढिला पडला, दोरा सुटला. म्हणून माळ लांबली. गळ्यात घाला, न्हाईतर खुंटीला टांगा, ती लांबणारच."

गोजरबाईने एक तुकडा ओढला. दोरा सरकन सुटून आला.

"आमच्या ऊसतोडीच्या टोळीत माझ्या भावाला असलीच माळ घातली होती," धम्मशीला म्हणाली. "गुडघ्यापर्यंत आली होती, मावशी. माळ गळ्यात असतानाच तो गेला."

गोजरबाई घराकडे पळत सुटली. सुनेच्या गळ्यातली माळ तोडली आणि जीप काढायला लावली. महाराज त्याच गडबडीत पसार झाले. आता जिंतूरकडे माळा घालतात म्हणे.

राजेश्री वाचली. मूल पोटातच गेलं. दवाखान्यात आली त्याच दिवशी परभणीला नेली असती तर कदाचित दोघंही वाचली असती.

महिन्याने ती तपासून घ्यायला आली, धम्मशीलाच्याच खोलीत. म्हणाली, "बाई, माळ खाली यायली तसं मलाबी बरं वाटायलंय असंच वाटायचं. मी बाळाला सांगायचे, आता थोडंच राह्यलं."

मला महाराजांपेक्षा त्या नारळ फोडणाऱ्या हातांचा जास्त राग येतो. बाबांनो, डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा, पाणी उकळून प्या, आणि बाई पोटुशी असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. वाळलेली काडी कुणाचा जीव वाचवत नाही.