वास नसलेला गोंद

आठवडाभर माझ्या बाल्कनीत एक बादली होती आणि त्या बादलीत आमचं तळं होतं. झाकण काढलं की साबणाचा फेस, कुणाचे तरी केस आणि नासक्या अंड्याचा वास वर यायचा. माझा नवरा सूर्यकांत ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला जाई. मी त्याला म्हणाले, नाक कशाला मुरडतोस, आपल्याच घरचं पाणी आहे. ते खरंच होतं. हेब्बाळच्या या बाजूला आमची सोसायटी तळ्याचं दर्शन विकून उभी राहिली आणि सांडपाण्याचा पाइप गुपचूप त्याच तळ्यात सोडून मोकळी झाली. शिसारी येते, पण राहतो आपण तिथेच.

बादलीत फायबरचे तीन तुकडे बुडवले होते. प्रत्येकावर खरखरीत रबरी मॅटचा एक चौकोन, वेगवेगळ्या गोंदाने चिकटवलेला. मी बुटांच्या कारखान्यात आहे. तळवे कशाने चिकटतात आणि कशाने सुटतात हे तपासणं माझं रोजचं काम, म्हणून सोसायटीच्या तळं-बचाव गटाने होडीच्या मॅटचा गोंद निवडायचं काम माझ्या गळ्यात मारलं होतं.

होडी जलपर्णी काढायची. तिच्या पुढच्या गुळगुळीत भागावर उभी राहून लांब आकड्याने जलपर्णी ओढते ती यल्लव्वा. ती चिकोडीकडची, मी निपाणीची, त्यामुळे आमचं बोलणं मराठीत. पावसाळ्यात तिचा पाय घसरला आणि ती तळ्यात पडली. जॅकेट होतं म्हणून तरंगली, पण नाकातोंडात जायचं ते गेलंच. ताप उतरला, उजवा कान मात्र वाहत राहिला आणि त्या कानाने ऐकू यायचं बंद झालं. गटाने तिला शाल दिली आणि शालीसकट तिचा फोटो काढला.

"अक्का, काम सोडाय येत न्हाई मला," ती मला म्हणाली होती. "पर परत त्या पाण्यात पडले तर दुसरा कान बी जातोय बघा. पाय धरंल असं कायतरी करा."

आठवड्याने मी तुकडे बाहेर काढले. पाण्यात कालवलेला, बिनवासाचा पांढरा गोंद पुन्हा दुधासारखा झाला होता. मॅट बोटाने सरकत होती. बुटांच्या सोल्यूशनने मधे धरलं होतं, पण कडा उचलल्या होत्या. तिसरा दोन डब्यांचा, मिसळून लावायचा. त्यावरची मॅट मी पकडीने ओढली तर रबर फाटलं, गोंद सुटला नाही. निर्णय झाला. आधी होडीची चकाकी पॉलिश पेपरने घासायची, थिनरने पुसायची, मग हा गोंद लावून होडी एक दिवस कोरडी ठेवायची.

गटाचा प्रमुख अद्वैत. तीन-चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, कोरमंगलात कसलंसं ॲप चालवतो आणि तळ्यावर भाषणं देतो. मी त्याच्यापुढे तुकडे मांडले. त्याने तुकड्यांकडे पाहिलंच नाही. डबा उघडून हुंगला आणि खुर्ची मागे सरकवली. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, होडीची पूजा होती, पाहुणे येणार होते, लहान मुलं असणार होती. शिवाय नवीन रंग घासला तर फोटोत होडी कशी दिसेल, हीही काळजी.

"ताई, पांढरा वापरू या ना. त्याला अजिबात स्मेल नाही."

मी खिडकीकडे बोट केलं. खाली तळं होतं आणि त्याची दुर्गंधी पडद्यापर्यंत आली होती. मी विचारलं, मग याचं काय.

"त्याची आपल्याला सवय आहे," अद्वैत म्हणाला.

बाकीच्यांनी माना हलवल्या. मी तुकडे गोळा केले. वास नको असेल तर मॅट पूजेनंतर लावू, पूजेआधी लावायचीच नाही, असं मी बजावून आले. सगळे इथल्या कानडीत सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाले. मी इतकी वर्षं या गावात काढली, तरी सरी म्हणणारा माणूस करणार काय हे मला कळत नाही.

आयुधपूजेच्या सकाळी काठावर गेले तर होडी पाण्यात होती आणि मॅट चिकटवलेली. वास नव्हता. होडीला झेंडूच्या माळा, वर गंधाचे टिळे, आणि कार चमकवतात त्या पॉलिशने आदल्या दिवशी पुसून अशी लखलखीत केलेली, की मॅटच्या कडेला माझा चेहरा दिसत होता. पूजेसाठी गाडी चमकवतात, तशी यांनी पाय ठेवायची जागा चमकवून वर मॅट लावली होती.

आरती झाली, कुंकू भरलेला कोहळा फुटला. अद्वैतने माइकवर सांगितलं की आता यल्लव्वा एक फेरी मारतील, सगळ्यांनी फोटो काढावेत. नव्या साडीत, वर जॅकेट घालून यल्लव्वा पुढे झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचं मनगट धरलं.

"अद्वैत, आधी तू उभा राहा," मी म्हणाले. "पायातले काढ आणि पुढे जाऊन उभा राहा."

तो हसला. त्याचा कुर्ता पांढरा होता. "मी? नको ताई, त्या पाण्याची मला ॲलर्जी आहे."

पाहुणेही हसले. मी वाकले आणि मॅटचा कोपरा दोन बोटांत धरला. तापल्या दुधावरची साय निघावी तशी अख्खी मॅट निघाली. खालून पांढरं पाणी ओघळलं आणि झेंडूच्या पाकळ्या घेऊन तळ्यात गेलं. हसणं थांबलं. अद्वैत हळू आवाजात म्हणाला की मी कार्यक्रमाची वाट लावली. लावली खरी, आणि मला त्याचं काडीइतकं वाईट वाटलं नाही.

होडी काठावर ओढून घ्यायला लावली. पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि यल्लव्वाच्या हातात एक दिला. तो सुंदर रंग आम्ही दोघींनी पाहुण्यांदेखत खरवडला, थिनरने पुसला, उन्हात वाळवला. मग मी दोन्ही डबे उघडले.

वास पसरला तसे रुमाल निघाले. बायकांनी पदर नाकाला लावले, अद्वैतने कुर्त्याची बाही. सकाळपासून त्या गटारीच्या काठावर प्रसाद खात उभी असलेली माणसं खोकत मागे सरली आणि आपापल्या लिफ्टकडे निघाली.

यल्लव्वाने पदर लावला नाही. गोंद पसरताना ती डब्यावर वाकली आणि तिने छातीभर श्वास घेतला.

"वास बरा हाय की, अक्का," ती म्हणाली आणि ऐकू येणारा कान माझ्याकडे करून विचारलं, "उद्या उभं ऱ्हाऊ न्हवं?"