नऊ मिनिटं जास्त

आमच्या बेटावर विमानतळ दोनच, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. मधलं अंतर चौऱ्याऐंशी किलोमीटर. डोंगरातल्या खिंडीवरून गेलं की एकोणीस मिनिटांत विमान टेकतं. दक्षिणेकडे विमान सुटल्या-उतरल्याच्या वेळा मी लिहिते, आणि ते नऊ जणांचं छोटं विमान आमचे हे चालवतात. गेला दीड महिना त्यांना अठ्ठावीस मिनिटं लागत होती. उशिराचं कारण रोज एकच लिहायचे, वारा.

वारा काय मला कळत नाही? वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी माझ्या खिडकीसमोरच आहे. कित्येक दिवस ती वाळत घातलेल्या पायजम्यासारखी लटकत होती.

सामान चढवणाऱ्या मावशींना सांगितलं, तर त्या हसल्या. "हवेत सवत कुठून यायची गं? ढगात खोली घेतलीय का त्यांनी?"

त्या हसल्या, पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी शर्ट हुंगले, फोन चाळला. स्वतःची लाज वाटली, तरी चाळला. काही सापडलं नाही, तेव्हा संशय आणखी वाढला. इतका स्वच्छ नवरा मी तरी पाहिलेला नाही.

सुट्टीच्या दिवशी मी तिकीट काढलं आणि नेमकी त्यांच्या मागे जाऊन बसले. त्यांनी मान वळवली. "तू? कुठे निघालीस?"

"बहिणीकडे." मला बहीण नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

आभाळ निरभ्र होतं, खिंड समोर उघडी. तरी ते किनाऱ्याकडे वळले आणि मान डावीकडे वळवून लाटांच्या पांढऱ्या फेसाच्या कडेकडेने निघाले. शेजारचे काका कौतुकाने म्हणाले, "हल्ली समुद्र दाखवत नेतात. हौशी माणूस आहे." मी खिंडीकडे पाहिलं, मग त्यांच्या मानेकडे; ती फेसावरून हलत नव्हती.

उतरल्यावर मी त्यांना विमानापाशीच गाठलं. "खिंड दिसत नाही ना तुम्हाला?"

ते टोपीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "उजवा डोळा अंधुक झालाय. डावा ठणठणीत आहे. तपासणी तीन महिन्यांनी आहे, तोवर कुठे बोलू नकोस. बत्तीस वर्षं चालवतोय, रस्ता पाठ आहे."

"आणि समोर पक्ष्यांचा थवा आला तर? तोही पाठ आहे का?"

"आजची परतीची फेरी तेवढी करू दे. मग बघू."

परतीचे नऊ जण पिशव्या घेऊन बाकांवर बसले होते. त्यात एक बाई तान्ह्या बाळाला थोपटत होती. सवत निघाली असती तर बरं झालं असतं, असं मला खरंच वाटलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं. मी आत जाऊन तिथल्या साहेबांना सगळं सांगितलं. फेरी रद्द झाली, आणि ह्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं.

घरी आम्ही बसने निघालो. चार तासांचा रस्ता. ते डावीकडच्या खिडकीशी बसले. तासाभराने बस एका थांब्यावर उभी राहिली.

"कुठलं गाव आलं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याच खिडकीबाहेर, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, गावाची पाटी होती. वीतभर उंचीची अक्षरं. म्हणजे डावाही.

मी नाव वाचून सांगितलं.